नदीची फळी

१२ जानेवारी

डावरे,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. ते मी राखून ठेवले आहेत. फळी परत आली की एकदम पाठवीन.

बाहेरचा चोर असता तर त्याने तांब्याचे पत्रे नेले असते, भिंतीवरचं घड्याळ नेलं असतं, गेला बाजार माझी चांगली कात्री तरी नेली असती. तीन फळ्यांतली नेमकी मधली उचलायची, उरलेल्या दोन पुसून तेल लावून जागेवर ठेवायच्या आणि आई जागी होऊ नये म्हणून दार हलकेच ओढून घ्यायचं, हे घरच्याच चोराचं काम. वर फळी गुंडाळायला माझी रजई नेलीस. जानेवारीत!

भांडण झालं, मान्य. आवाज माझा चढला होता, तेही मान्य. पण भांडताना तू ऐकत नाहीस, फक्त तुझी पाळी येण्याची वाट बघत बसतेस, म्हणून सगळं पुन्हा लिहिते. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

गिरणीमागच्या टेकाडावरून दिसते ती सगळी दरी आपण लाकडात कोरली. पार लांबच्या खिंडीपासून आपल्या जुन्या घराच्या दारापर्यंत. दोन्ही बाजूंचे डोंगर माझे, कारण दगड, उतार, शेतांच्या पायऱ्या मला जमतात. मधली नदी तुझी, कारण पाणी मला आयुष्यात जमलं नाही आणि तुला आईच्या पोटातूनच जमत आलंय. तीन फळ्या शेजारी शेजारी लावायच्या, शाईचा रूळ फिरवायचा, वर एकच लांबलचक कागद टाकून दाबायचा, की दरी. मधली काढली तर उरतात दोन डोंगर, एकमेकांवर रुसलेले. ते कोणी भिंतीवर लावत नाही.

आणि भिंत तयार आहे. संग्रहालयाच्या बाईंनी दालनात शिरल्या शिरल्या समोर दिसेल अशी भिंत दरीसाठी राखून ठेवली आहे. मोजक्याच प्रती काढायच्या, आणि शेवटची प्रत निघाली की त्यांच्यादेखत फळ्यांवर आडवी चीर मारायची, म्हणजे पुन्हा कोणी छापू शकणार नाही. यात नवीन काय आहे? मास्तरांनी आपल्याला हेच शिकवलं. प्रती विकल्या की फळी मारायची, नाहीतर ती कारागिरी नव्हे, लबाडी. त्यांनी स्वतःची एकही फळी सोडली नाही. मी कागदावर सही केली तेव्हा तू माझ्या शेजारी उभी होतीस. पेन तूच दिलंस!

मग तुला अचानक आठवलं की आई त्या फळ्यांवरून हात फिरवते. तिचे डोळे गेल्यापासून ती रोज कारखान्यात येऊन बोटांनी दरी बघते. ‘चीर मारलीस तर तिची दरी मोडेल, ताई.’ काय तो आवाज, काय ते डोळ्यांत पाणी. आणि आईची एवढी काळजी असलेली ही बाई आईची नदी काखेत मारून देशाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली. वा!

मार्च संपायच्या आत प्रती द्यायच्या आहेत. या कामावर कारखान्याचं छप्पर अवलंबून आहे, आणि छप्पर कुठे कुठे गळतं ते तुला माहीत आहे, बादल्या तूच ठेवायचीस. फळी पाठव.

ताई


३ फेब्रुवारी

डावरे,

उत्तर नाही. ठीक आहे. गप्प बसणं हा तुझा जुना उद्योग आहे. लहानपणी रुसलीस की पलंगाखाली जाऊन बसायचीस आणि आई तुझं ताट पलंगाखाली सरकवायची. माझं ताट कोणी कुठे सरकवल्याचं मला आठवत नाही.

आईची तब्येत बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी लिहिते.

ती रोज सकाळी भिंतीला हात लावत कारखान्यात येते. पहिल्या दिवशी मी दोन्ही डोंगर एकमेकांना चिकटवून ठेवले होते. म्हटलं, कळणार नाही. तिने बोटं फिरवली आणि म्हणाली, ‘नदी बुजवली की काय गं कोणी?’ मी म्हटलं, नाही आई, त्या फळीने ओल धरली होती, उन्हात ठेवली आहे.

‘नदी वाळत घातलीस?’ म्हणाली आणि खूप हसली. डोळे गेल्यापासून इतकी हसली नव्हती. मला हसू आलं नाही. तुझ्यामुळे मी आईशी खोटं बोलायला लागले आहे, हे लिहून ठेव कुठेतरी.

तेव्हापासून मी नदीएवढी जागा मध्ये मोकळी सोडते. डाव्या हाताच्या फळीवर ती खिंडीपासून सुरू करते, उतारावरून खाली येते, काठाला पोचते आणि हात टेबलावर पडतो. रोज पडतो. टेबल चाचपते, पलीकडचा काठ सापडला की पुढे जाते, घर शोधते, घराच्या दारावर अंगठा ठेवून बसते. तू हे बघितलं असतंस तर बरं झालं असतं. मी एकटीनेच का बघायचं?

दरीत रस्ता नव्हता हे तुला नुसतं ऐकून माहीत असेल, तू फार लहान होतीस आपण दरी सोडून शहरात आलो तेव्हा. फक्त पायवाट, आणि नदी ओलांडायला नाव. आईचं सगळं आयुष्य त्या रस्त्याची वाट बघण्यात गेलं. कोणी आलं नाही की तिचं ठरलेलं वाक्य: ‘रस्ता नाही ना, येणार कसे बिचारे.’ मामा आजीच्या शेवटच्या दिवसांत आला नाही. आई म्हणाली, रस्ता नाही ना. मामाकडे घोडा होता! घोड्याला कसला रस्ता लागतो? पण मामा बिचारा, आणि मी तोंडाळ.

आता तुझं नाव निघालं की तेच. परवा म्हणाली, ‘डावरी येईल गं, पण रस्ता नाही ना.’ मी म्हटलं, आई, आपण शहरात राहतो, आपल्या दारासमोर बस थांबते, खिडकीच्या काचा हलतात तिच्या आवाजाने. तर म्हणते, ‘बस इथे थांबते. पण तिला दरीतून निघायला नको का?’ तिच्या डोक्यात तू दरीत आहेस. नदी तुझ्याकडे आहे म्हटल्यावर तू दरीतच असणार, असा तिचा हिशेब असावा. म्हणजे उन्हाची थाप तिला पटलेली नाही.

तुझ्यासाठी सबबी शोधायला आई आहे. मला कोणी नाही. फळी पाठव.

ताई


२१ फेब्रुवारी

डावरे,

तुझ्यावाचून अडतं असं तुला वाटत असेल तर ऐक. मी नवी फळी आणली आणि नदी स्वतः कोरली.

काही दिवस धड जेवले नाही, नीट बोलले नाही. शेजारचा बाइंडर दोनदा डोकावून गेला आणि दोन्ही वेळा माझा चेहरा बघून आल्या पावली परतला. आपली जुनी कच्ची छाप भिंतीवरून काढली, तिच्यावर पातळ कागद ठेवून तुझी नदी रेघेला रेघ उतरवून घेतली, तो कागद फळीवर चिकटवला आणि बसले कोरायला. प्रत्येक रेघेला तुझं नाव घेत होते. चांगल्या अर्थाने नाही.

काल छाप काढली. कागदाचं दुसरं टोक धरायला बाइंडरला बोलावलं. कागद उचलला. त्याने मान एकदा इकडे, एकदा तिकडे कलवली आणि म्हणाला, ‘ताई, ही नदी डोंगर चढून चालली आहे का?’

कागद उलटायला विसरले!

फळीवर सगळं उलटं कोरायचं, तेव्हा कागदावर ते सुलटं उमटतं. मास्तरांकडे पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट. सुलट्या चित्रावरून उतरवलेला कागद पालथा घालून चिकटवायचा, एवढंच. आयुष्य गेलं माझं या कामात, आणि माझी नदी गिरणीच्या भिंतीवर जाऊन आपटते, तिथून शेतांच्या पायऱ्या चढते आणि आकाशात जाते. बाइंडर हसला. मग मी त्याच्याकडे बघितलं आणि तो हसायचा थांबला.

ही चूक तुझ्या हातून कधीच झाली नसती, कारण तू कधी काही उतरवून घेतच नाहीस. डाव्या हातात पेन्सिल धरायची आणि थेट फळीवर उलटं काढत सुटायचं, जणू जग तसंच आहे. मास्तर म्हणायचे, हिला उलटं कोरायला शिकवू नका, हिला रस्त्यावरून सुलटं चालायला शिकवा. सगळे हसायचे. मी पण हसायचे. पण घरी गेल्यावर आरशासमोर बसून मी डाव्या हाताने रेघा मारून बघायचे, हे तुला माहीत नाही. एकही धड आली नाही.

आणि उलटसुलट सोडून दे. सुलटी असती तरी ती नदी नव्हती. पाणी कोरताना माझी कोरणी जमीन नांगरते. सगळ्या रेघा एका दिशेने कलतात, शिस्तीत. तुझ्या रेघा कलतात त्याच्या विरुद्ध, आणि मध्येच श्वास घ्यायला थांबल्यासारख्या तुटतात, तिथे ऊन पडतं. मी ते कितीदा बघितलंय. बघून हात शिकत नाही.

एवढ्यावर थांबायचं, तर मी काय केलं? आज सकाळी आई यायच्या आधी ती फळी मध्ये ठेवून दिली. म्हटलं, टेबलावर हात पडण्यापेक्षा काहीतरी असू दे. आईने बोटं ठेवली. काठावरून खाली उतरली आणि थांबली. पुन्हा काठावर गेली, पुन्हा उतरली. मग माझ्याकडे तोंड केलं. तिला दिसत नाही, तरी मला बघितल्यासारखं झालं.

‘थोरले, हे शेत आहे.’

मी म्हटलं, नदी आहे आई.

‘नदी घराच्या मागे कशी जाईल? आणि पाण्यावर बोट असं अडत नाही.’ मग फळीवर थोपटलं, लहान मुलाला थोपटतात तसं. ‘चांगलं शेत आहे. पण माझी नदी कुठे आहे?’

मी ती फळी उचलून शेगडीत टाकणार होते. बाइंडरने हातातून काढून घेतली. म्हणतो, पाठीमागून कोरी आहे, कागद दाबायला होईल. तुझ्या ताईची नदी आता त्याच्याकडे पुस्तकं दाबते आहे. हस, हस पोट धरून.

तू आईसाठी फळी नेलीस ना? मग सांगते, आईचा हात रोज टेबलावर पडतो. हे वाचूनही तुला काही वाटत नसेल, तर नको पाठवूस. मी बाईंना नाही म्हणून कळवते. छपराखाली आणखी बादल्या ठेवते. तू तुझी नदी उशाशी घेऊन झोप.

मी रागावले आहे असं समजू नकोस. रागावणं याच्या कितीतरी आधी झालं.

ताई


१० मार्च

डावरे,

फळी आली.

ट्रकवाला दाराशी उतरवून गेला. दोरी सोडवत बसले नाही, सरळ कात्री लावली. माझ्याच रजईत गुंडाळलेली, कडांना कापडाच्या पट्ट्या, तेल लावून पुसलेली, एक ओरखडा नाही. म्हणजे पत्रं वाचतेस. फाडत नाहीस. एवढं कळलं.

चिठ्ठी शोधली. रजई झटकली, पट्ट्या सोडल्या. काही नाही. मग फळी पालथी केली तर मागे पेन्सिलने, तुझ्या त्या डावीकडे कललेल्या अक्षरात: ‘ही आईची आहे. तरीही तू मारशीलच.’

बस? एवढ्या दिवसांत, एवढ्या पत्रांना, हे उत्तर? ताई कशी आहेस नाही, आई कशी आहे नाही, मी कुठे राहते, काय खाते, नाही. तू मारशीलच! तो ‘च’ बघून माझं डोकं जे फिरलं ते अजून फिरलेलंच आहे. तुझ्या मते मी अशीच ना? शब्दाला पक्की, हाताला पक्की, आणि आत लाकूड.

छपाई सुरू केली आहे. त्या कागदाला दोन टोकांना दोन माणसं लागतात, आणि दुसरी तू होतीस. आपण एकमेकींकडे न बघता, न बोलता कागद खाली ठेवायचो आणि तो कुठे हलायचा नाही. आता दुसऱ्या टोकाला बाइंडर आहे. ‘ताई, आता सोडू?’ असं विचारतो आणि विचारता विचारताच सोडतो. बरेच कागद वाया गेले. त्याच्यावर ओरडले. मग कळलं की मी तुझ्यावर ओरडते आहे, पण थांबले नाही, कारण तोही काही कमी नाही.

आज पहिली नीट प्रत निघाली. कागद हळूहळू सोलत वर घेतला. खिंड आली, डोंगर आला, शेतं आली, आणि मग तुझी नदी खिंडीखालून निघाली, गिरणीपाशी मोठ्ठं वळण घेतलं आणि आपल्या दारासमोरून रुंद होत गेली. बाइंडर आपलं टोक सोडायचं विसरला. मी खुर्ची ओढून बसले. नदी चांगली झाली आहे. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तू लगेच शेफारतेस. आताही रागातच लिहिते आहे, लक्षात ठेव. माझे डोंगर तिच्यामुळे उंच दिसतात.

आईचं सांगायचं राहिलं. फळी आली त्या दिवशी मी तिला काही न सांगता तिन्ही लावून ठेवल्या. ती आली, खिंडीपासून निघाली, उतार उतरली. काठाशी येऊन हात आपोआप उचलला गेला, टेबल चाचपायच्या सवयीने. मग टेकवला. आणि पाणी लागलं.

ती सकाळभर त्या एकाच फळीवर हात ठेवून बसून होती. शेवटी म्हणाली, ‘डावरीचा हात आहे.’ मी म्हटलं, हो. ‘मग ती कुठे आहे?’ मी म्हटलं, फळी आली, ती नाही आली. ‘येईल गं. रस्ता नाही ना.’

मी बाहेर जाऊन जिन्यात बसले. मला तुझा राग आला आहे, डावरे. नदी पाठवायला तुला कळतं, स्वतः यायला कळत नाही?

प्रती महिनाअखेर पुऱ्या होतील. बाई चीर बघायला येणार आहेत. मी मारणार की नाही ते मला विचारू नकोस. तू ठरवून टाकलंच आहेस.

ताई


३१ मार्च

डावरे,

मारली.

काल दुपारी बाई आल्या. सगळ्या प्रती बघितल्या, भिंतीवर लावलेल्या प्रतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, डोळे टिपले. भली बाई आहे. मग मी तिन्ही फळ्या टेबलावर लावल्या. त्या म्हणाल्या, ‘ताई, कोपऱ्यात एक छोटी रेघ मारलीत तरी चालेल हो. आमचं काही म्हणणं नाही.’

छोटी रेघ! चालली असती. आईच्या बोटांना लागलीही नसती. मीही तोच विचार करून बारीक कोरणी काढून ठेवली होती, आता सांगायला हरकत नाही. पण फळी लावताना ती उलटी झाली आणि मागची तुझी ओळ दिसली. तरीही तू मारशीलच. मी बारीक कोरणी ठेवली आणि मास्तरांची रुंद कोरणी घेतली, हातोडा घेतला. बाई एक पाऊल मागे सरल्या.

खिंडीपासून सुरुवात केली. माझा स्वतःचा डोंगर मी असा फाडला की ढलप्या खिडकीपर्यंत उडाल्या. मग तुझी नदी. तिथे मुद्दाम खोल मारली, लपवत नाही. प्रत्येक घावाला म्हणत होते, घे, ही घे, मारणारच होते ना, घे. बाई म्हणाल्या, ‘पुरे, ताई, पुरे.’ मी ऐकलं नाही. नदी पार झाली आणि उजव्या फळीवर आले.

रेघ सरळ जायला हवी होती. सरळ म्हणजे आपल्या घराच्या बरोबर मधून, खालच्या कोपऱ्यापर्यंत. कोरणी घरापाशी आली आणि वळली. अंगणाला वळसा घालून दारापाशी गेली आणि थांबली. पुढे गेलीच नाही. मी बाईंना सांगितलं, लाकडात गाठ होती. त्या फळीत गाठ नाही. फळ्या निवडताना तू माझ्याबरोबर होतीस, तुला माहीत आहे.

चिरेनंतर पुरावा म्हणून एक छाप काढतात. आम्ही दोन काढल्या. एक बाई घेऊन गेल्या. काळ्या दरीत वरपासून खालपर्यंत एक पांढरा पट्टा. मला बघवेना म्हणून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

आज सकाळी मी आईला म्हटलं, कारखान्यात येऊ नकोस, फळ्या धुतल्या आहेत. ‘आता डोंगरही वाळत घातलेस?’ म्हणाली. मला हसताही येईना. मी शाईचे रूळ धुवायला मागच्या नळावर गेले, आणि परत येते तर ती टेबलापाशी उभी. भिंतीला धरत धरत आपली आपण आली होती. धावत पोचेपर्यंत तिने हात ठेवला होता. सवयीने आधी नदीवर.

बोटं त्या खाचेत गेली आणि थांबली.

‘हे काय गं?’

ती काय म्हणेल ते सगळं मला ठाऊक होतं, दरी मोडेल हे तू भांडतानाच सांगून ठेवलं होतंस. तिचं बोट खाचेत बरोबर बसलं. ती डावीकडे वर गेली, सावकाश, थेट खिंडीपर्यंत. खिंडीत जरा थांबली. मग तशीच उलटी खाली आली, काठापर्यंत, नदीवरून पलीकडे. ‘पाण्यावरून गेलाय. पूल बांधला वाटतं,’ स्वतःशीच म्हणाली. शेतांच्या कडेने घरापाशी आली. वळणाला बोट वळलं. अंगणाला वळसा घातला. दारात थांबलं.

‘थोरले,’ ती म्हणाली, ‘रस्ता झाला?’

माझ्या हातातल्या रुळांचं पाणी जमिनीवर गळत होतं.

‘कधी झाला? आणि मला कोणी सांगितलं नाही! खिंडीतून थेट दारापर्यंत.’ पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली, गाडीने यावं तशी भरभर. ‘केवढा रुंद आहे. दोन गाड्या जातील. आणि घर वाचवून वळवलाय बघ. घरातून सरळ नेता आला असता, पण वळवलाय. कोणी केला?’

मी म्हटलं, मी केला, आई.

‘तुझाच हात. तुझं सगळं खोल असतं,’ म्हणाली. माझ्या तोंडावरून हात फिरवला, आणि मग तोच हात थांबला, कारण माझं तोंड ओलं होतं. ‘रडतेस कशाला? आता डावरी येईल की. आता काय अडचण आहे तिला?’

त्याच प्रश्नाचं उत्तर मला तुझ्याकडून हवं आहे.

तू लिहिलं होतंस मी मारीनच, आणि मी मारली. माफी मागत नाही. शब्द दिला होता, तो पाळला, आणि जेवढी मारायला हवी होती त्याच्या दसपट मारली, ती तुझ्यावरच्या रागाने. आईची दरी मोडली का, ते तिला येऊन विचार. ती सकाळपासून लोकांना बोलावून दाखवते आहे. बाइंडरला तीनदा दाखवून झाला रस्ता. तो शहाणा माणूस तिन्ही वेळा म्हणाला, ‘छान झालाय, आई.’

दुसरी छाप सोबत गुंडाळून पाठवते आहे. पांढरा पट्टा दिसेल. त्यावरून भांडायचं असेल तर पत्राने भांडू नकोस, तुझी पत्रं एका ओळीची असतात. इथे येऊन भांड.

आईने दुपारी मला तुझी गादी माळ्यावरून काढायला लावली. जिने चढून गच्चीवर नेली, उन्हात टाकली, झोडली. माझ्या कमरेचं काय झालं ते विचारू नकोस. तुझी गादी भयंकर जड आहे. मी ती एकदाच वर नेणार आहे.

तुझी,
ताई

ता. क. आशीर्वाद राखून ठेवले होते ते या पत्रात घालणार होते, पण येऊन पाया पड आणि घे.